ओईडीची वर्गणी भरावी का? ‘वेंड’ या एका क्रियापदावर घेतलेली परीक्षा

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी, म्हणजे ओईडी, वर्गणी भरून वापरावी का, असा प्रश्न इंग्रजीचे विद्यार्थी, अनुवादक आणि शब्दांच्या नादी लागलेले वाचक नेहमी विचारतात. आमचं उत्तर आधीच सांगून टाकतो. वर्षाची वर्गणी बहुतेकांना लागत नाही. एका महिन्याची लागू शकते, पण तीही फुकटची साधनं आधी पालथी घालून झाल्यावर. एखाद्या जुन्या शब्दाचा उगम आणि त्याचा आजचा वापर ही दोन टोकं ओईडीशिवायही चांगली सापडतात. पैसे मोजायचे ते मधल्या शतकांसाठी.

हे नुसतं म्हणून पटणार नाही, म्हणून एकच क्रियापद घेऊन सगळी साधनं एकापाठोपाठ लावली. क्रियापद आहे ‘वेंड’. स्पेलिंग डब्ल्यू-ई-एन-डी. आजच्या इंग्रजीत ते जवळजवळ एकाच वाक्प्रचारात उरलं आहे: कुणीतरी आपल्या वाटेनं सावकाश, वळत-वळत निघालं, की ते ‘वेंड’ करत गेलं असं म्हणतात. कवितेत आणि प्रवासवर्णनात भेटतं, बाजारात नाही. पण याच क्रियापदाचं भूतकाळी रूप प्रत्येक इंग्रजी बोलणारा दिवसातून पन्नासदा वापरतो. ते रूप म्हणजे ‘वेंट’. ‘गो’चा भूतकाळ म्हणून शाळेत घोकून घेतलेला हा शब्द मुळात ‘गो’चा नाहीच.

मराठी वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही. आपण ‘जातो’ म्हणतो आणि ‘गेला’ म्हणतो. एक संस्कृत ‘या’ धातूकडून आला, दुसरा ‘गम्’च्या ‘गत’कडून. ‘होतो’ आणि ‘झाला’ यांचंही तसंच, ‘भू’ आणि ‘जात’. दोन क्रियापदांनी एक संसार थाटायचा हा प्रकार आपल्या तोंडात रोज असतो, फक्त लक्ष जात नाही. इंग्रजीतली गंमत अशी की तिथे हा संसार कधी थाटला गेला हे लिखित पुराव्यानं, शतकाच्या अंतरानं दाखवता येतं. कोशाची परीक्षा घ्यायला म्हणूनच हा शब्द चांगला. जुन्या इंग्रजीपासून आजपर्यंत सलग चालत आला, मध्ये रूप फुटलं, अर्थ बदलला, एकदा जवळपास मेला आणि कवींनी पुन्हा उठवला. या चारही ठिकाणी कोश काय दाखवतो ते पाहायचं.

सुरुवात उगमापासून, आणि तिथे ओईडी उघडायची गरज नाही. जुन्या इंग्रजीसाठी बॉसवर्थ-टॉलर हा कोश प्रागच्या चार्ल्स विद्यापीठानं ऑनलाइन ठेवला आहे, पूर्ण फुकट. मुख्य खंड १८९८ चा, टॉलरची पुरवणी १९२१ ची. शोधताना ‘वेन्दान’ हे मूळ रूप टाकायचं, म्हणजे वेंडच्या पुढे ए आणि एन ही अक्षरं जोडायची. आजचं स्पेलिंग टाकलं तर नवशिक्याला वाटतं की शब्दच नाही. दुसरी अडचण ‘गे’ या उपसर्गाची. जुन्या इंग्रजीत क्रियापदांना तो सर्रास लागतो आणि या कोशात अशा शब्दांची नोंद ‘जी’ या अक्षराखाली वेगळी असते. म्हणून ‘वेन्दान’ पाहून झाल्यावर ‘गेवेन्दान’, ‘आवेन्दान’ आणि ‘ऑनवेन्दान’ या तिन्ही नोंदी उघडल्याशिवाय पान बंद करू नये. अर्थाचा निम्मा मसाला तिथे असतो. स्वर दीर्घ असल्याची खूण छापील कोशात आडव्या रेघेनं नाही, अक्षरावरच्या तिरक्या रेघेनं केलेली असते. दुसऱ्या पुस्तकातलं रूप शोधत असाल तर हा फरक ध्यानात ठेवावा.

तिथे काय मिळतं? ‘वेन्दान’चा मूळ अर्थ ‘वळवणं’. ते ‘विन्दान’ या क्रियापदाचं प्रयोजक रूप आहे, आणि ‘विन्दान’ म्हणजे आजचं ‘वाइंड’, वळणं, गुंडाळणं. आतला स्वर बदलून प्रयोजक करायची ही जुनी जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या भाषाकुळातली, रीत आहे. मराठीत पडणे-पाडणे, मरणे-मारणे यांत जे होतं तेच. इंग्रजीत ‘सिट-सेट’ आणि ‘फॉल-फेल’ या जोड्यांत ती रीत अजून दिसते. वळवणं यातून स्वतःला वळवणं, त्यातून एखाद्या दिशेला निघणं, त्यातून नुसतं जाणं, अशी पायरीपायरीनं चाल आहे. वाटेत एक फाटाही फुटतो: एका भाषेतून दुसरीत वळवणं, म्हणजे भाषांतर. नवव्या शतकाच्या अखेरीस राजा आल्फ्रेडनं पोप ग्रेगरीचं ‘पास्टोरल केअर’ लॅटिनमधून इंग्रजीत आणलं. प्रस्तावनेत हे काम सांगताना त्यानं हेच क्रियापद वापरलं आणि कधी शब्दाला शब्द, कधी अर्थाला अर्थ ठेवून काम केल्याचं लिहिलं. पुढच्या शतकात एल्फ्रिक या मठवासी लेखकानं याच कामासाठी ‘आवेन्दान’ वापरलं. आजच्या ‘वेंड’मध्ये या अर्थाचा मागमूसही नाही.

बॉसवर्थ-टॉलरची मर्यादा अशी की उदाहरणांना साल नसतं. ग्रंथाचं संक्षिप्त नाव असतं आणि ग्रंथ कोणत्या काळातला हे वाचकानं जाणायचं. अर्थांची मांडणीही काळानुसार नाही, तर्कानुसार. त्यामुळे आधी काय आणि नंतर काय हे इथून ठरवू नये. तरीही जुन्या इंग्रजीपुरता हा कोश ओईडीपेक्षा भरघोस आहे, यात शंका नाही. जे शब्द ११५० च्या आधीच मेले त्यांना ओईडी मुळात घेतच नाही.

इथून पुढे बारावं ते पंधरावं शतक. ‘वेंड’ची खरी उलथापालथ याच काळात झाली, म्हणून या भागावर जास्त वेळ द्यावा. साधन आहे मिशिगन विद्यापीठाची मिडल इंग्लिश डिक्शनरी. १९५२ ते २००१ अशी जवळपास पन्नास वर्षं ती भागाभागानं छापली जात होती, सुमारे पंधरा हजार पानं झाली, आणि आज ती सगळी ऑनलाइन फुकट आहे. शोधताना ‘वेन्डेन’ हे क्रियापदाचं मथळारूप टाकावं. मध्ययुगात स्पेलिंगला धरबंध नव्हता, म्हणून शोधाच्या पर्यायांत पर्यायी स्पेलिंगंही धुंडाळायला सांगावं. तारखा वाचायची पद्धत एकदा समजून घेतली की पुढे त्रास होत नाही. आधी हस्तलिखिताची तारीख, कंसात रचनेची. ‘सी’ हे अक्षर म्हणजे सुमारे, ‘ए’ म्हणजे त्याआधी. नुसतीच कंसातली तारीख दिसली तर ती रचनेची समजावी. चॉसर या चौदाव्या शतकातल्या कवीच्या बाबतीत हे हमखास होतं.

या कोशात आधी ‘गोन’ ही नोंद उघडावी, म्हणजे ‘गो’, आणि तिची भूतकाळी रूपं पाहावीत. जुन्या इंग्रजीत ‘गान’चा भूतकाळ ‘एओदे’ असा होता, म्हणजे तोही तिसऱ्याच घरचा. त्याचं मध्ययुगात ‘येदे’, ‘योदे’ झालं. इकडे ‘वेन्डेन’चा भूतकाळ आधी ‘वेन्दे’, मग तेराव्या शतकापासून ‘वेन्ते’. शेवटी ‘न्द’ असलेल्या क्रियापदांना भूतकाळाचा ‘दे’ लागला की दोन द मिळून त होतो. सेंड-सेंट, बेंड-बेंट, लेंड-लेंट, स्पेंड-स्पेंट ही सगळी पंगत तिथलीच. म्हणजे ‘वेंट’ हे रूप मुळीच अनियमित नाही. स्वतःच्या घरात ते शिस्तीत वागत होतं. ‘गो’च्या घरी गेल्यावर अनियमित दिसू लागलं. दक्षिणेकडे ‘येदे’ मागे पडत गेलं आणि १५०० च्या सुमारास ‘वेंट’नं ती जागा पक्की केली. स्कॉटलंडनं मात्र हा सौदा केला नाही. तिथे ‘गे’ला सरळ प्रत्यय लावून ‘गेड’ बनवलं आणि प्रश्न मिटवला.

मिडल इंग्लिशमध्ये एक खड्डा आहे आणि त्यात पुष्कळजण पडतात. ‘वेन्दे’ हेच स्पेलिंग ‘वेनेन’ या वेगळ्या क्रियापदाच्या भूतकाळाचंही असतं. ‘वेनेन’ म्हणजे समजणं, वाटणं. जुन्या कवितेतलं ‘वीन’ ते हेच. त्यामुळे ‘ही वेन्दे’ असं दिसलं तर ‘तो गेला’ की ‘त्याला वाटलं’ हे संदर्भावरूनच ठरतं. पुढे दिशा किंवा ठिकाण आलं तर जाणं, पुढे दुसरं वाक्य जोडलेलं असेल तर वाटणं. ही कसोटी बहुतेक वेळा पुरते. तिसरीही शक्यता आहे. चॉसरच्या कँटरबरी टेल्सच्या प्रस्तावनेत यात्रेकरू कँटरबरीला ‘वेन्दे’ असं येतं, ते भूतकाळ नाही, वर्तमानाचं अनेकवचन आहे. त्याच प्रस्तावनेत थोडं पुढे यात्रेला ‘वेन्देन’ करायला तयार असलेला निवेदक येतो, तिथे शेवटचा एन पाहून मूळ रूप चटकन ओळखता येतं. आधुनिक लिप्यंतरावर भिस्त ठेवून कोशात उडी मारली की नेमकी इथे गफलत होते.

फुकट साधनांनी एवढं दिल्यावर ओईडीत पैशाचं काय मिळतं?

आधी ते फुकट काय दाखवतात ते पाहा. २०२३ मध्ये संकेतस्थळाचा साचा बदलला. तेव्हापासून वर्गणीशिवायही प्रत्येक शब्दाचं एक सारांशपान उघडतं. किती अर्थ नोंदवलेत, त्यांतले किती मृत, सर्वांत जुना पुरावा कोणत्या काळातला, उगम कुठला, एवढी माहिती तिथे असते. नुसती उत्सुकता भागवायची असेल तर हे पान पुरतं आणि पुढचं काही विकत घ्यायची गरज उरत नाही. वर्गणी भरल्यावर अर्थ, व्युत्पत्ती, उच्चार, रूपं, वारंवारता आणि साधित शब्द असे वेगवेगळे कप्पे उघडतात.

वाचायचा क्रम आमच्या मते असा असावा: आधी रूपांचा कप्पा, मग व्युत्पत्ती, मग अर्थ. बहुतेक लोक अर्थापासून सुरुवात करतात आणि अवतरणांतली विचित्र स्पेलिंगं पाहून गांगरतात. रूपांची यादी आधी डोळ्यांखालून गेली की ‘वेन्त’, ‘वेन्ड’, ‘वेंडेड’ हे एकाच शब्दाचे वंशज म्हणून ओळखू येतात. अर्थांच्या कप्प्यात खंजिराची खूण दिसेल तो अर्थ मेलेला. ‘आर्केइक’ आणि ‘पोएटिक’ ही लेबलं वेगळी. तो अर्थ वाचकाला कळतो, पण रोजच्या बोलण्यात कुणी वापरत नाही. ‘वेंड’च्या नोंदीत जिवंत, जुनाट आणि मेलेले असे तिन्ही प्रकार शेजारी-शेजारी नांदतात, त्यामुळे खुणा नीट वाचल्या नाहीत तर हे क्रियापद आजही ‘बदलणं’ या अर्थी चालतं असा गैरसमज होतो.

ओईडीची ताकद तिच्या अवतरणांत आहे. प्रत्येक अर्थाखाली सालवार उदाहरणं, सर्वांत जुनं वर, सर्वांत नवं खाली. ‘वेंड’बाबत यातून दोन गोष्टी दिसतात ज्या एकत्र दुसरीकडे कुठे मिळत नाहीत. पहिली म्हणजे पोकळी. ‘वेंट’ हातचं गेल्यावर बिचाऱ्या ‘वेंड’ला स्वतःचा भूतकाळ उरला नाही, म्हणून ‘वेंडेड’ हे नवं नियमित रूप करून घ्यावं लागलं. सोळाव्या शतकात वापर आटत जातो. शेक्सपियरच्या मिडसमर नाइट्स ड्रीममध्ये प्रेमिक अथेन्सला परत ‘वेंड’ करतात, पण तिथे ओळीअखेरीस ‘एंड’शी यमक जुळवायचं आहे हे विसरू नये. शब्द यमकासाठी राखून ठेवला गेला की त्याचं रोजचं आयुष्य संपत आलं असं समजावं. दुसरी गोष्ट म्हणजे पुनर्जन्म. १८०० च्या सुमारास ‘आपली वाट वेंड करणं’ हा साचा पुन्हा वर येतो आणि एकोणिसाव्या शतकात जोर धरतो. जुन्या काळाची हवा हवी असलेल्या कवींना आणि कादंबरीकारांना तो फार सोयीचा पडला. गमतीची गोष्ट अशी की या नव्या जन्मात शब्दानं आपला सर्वांत जुना रंग परत मिळवला. मध्ययुगात ‘वेंड’ म्हणजे निव्वळ जाणं होतं, सरळ गेलं तरी चाले. आज त्यात वळणं आणि सावकाशपणा दोन्ही आहेत, बहुधा शेजारच्या ‘वाइंड’च्या संगतीनं. आज ‘वाइंड’ आणि ‘वेंड’ यांच्यात लिहिणाऱ्यांचा गोंधळ होतो त्यावर नाक मुरडणाऱ्यांनी ते सख्खे भाऊबंद आहेत हे ध्यानात घ्यावं.

आता उणी बाजू. ओईडीची तिसरी आवृत्ती तयार होते आहे, पण ती सुरुवातीला ‘एम’पासून पुढे नेली गेली आणि नंतर इकडेतिकडे पसरली, त्यामुळे एका नोंदीत नवं संशोधन आणि तिच्या शेजारच्या नोंदीत शंभर वर्षांपूर्वीचा मजकूर अशी स्थिती आढळते. वर्गणीदाराला दोन्हींचे पैसे सारखेच पडतात. मूळ कोशात ‘वेंड’ असलेला भाग १९२६ साली छापला गेला. ‘डब्ल्यू’ हे अक्षर त्या कोशात सर्वांत शेवटी, १९२८ मध्ये संपलं. ‘झेड’ त्याच्या आधीच होऊन गेला होता. प्रथम महायुद्धानंतर टोल्किन काही काळ याच अक्षराच्या सुरुवातीच्या शब्दांवर कामाला होते. म्हणून कुठलीही नोंद वाचण्याआधी तिचा इतिहास सांगणारा भाग पाहावा: ती कधी प्रथम छापली आणि कधी सुधारली. हे न पाहता तारखा उचलल्या तर फसगत ठरलेली. चॉसरच्या प्रस्तावनेतली तीच ओळ न सुधारलेल्या नोंदीत सुमारे १३८६ ची म्हणून येते आणि सुधारलेल्या नोंदीत सुमारे १४०५ ची, कंसात १३८७ ते ९५. ओळ तीच आहे. आधी रचनेचा अंदाज छापत असत, आता हस्तलिखिताची तारीख पुढे ठेवतात. दोन नोंदींतले ‘पहिले पुरावे’ शेजारी ठेवून कोण आधी आलं असं सांगणाऱ्या लेखांपैकी बरेच याच ठिकाणी घसरतात.

शोधाच्या सोयीबद्दल मात्र तक्रार नाही. अवतरणांच्या आत शोधता येतं, लेखकानुसार आणि कालखंडानुसार गाळता येतं. ‘वेंडेड’ हे रूप अवतरणांत शोधून १७०० ते १८५० अशी चाळणी लावली की पुनर्जन्माचा काळ आपल्या डोळ्यांनी पाहता येतो. ज्याला लेख, प्रबंध किंवा भाषांतराची टीप लिहायची आहे त्याच्यासाठी हीच सोय वर्गणी वसूल करते. ‘जाणं’ या अर्थाचे सगळे इंग्रजी शब्द काळानुसार लावून दाखवणारा हिस्टॉरिकल थिसॉरसही आत आहे. मात्र त्यासाठी पैसे भरू नयेत. तो ग्लासगो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट उपलब्ध आहे.

बाकीच्या साधनांबद्दल थोडक्यात.

सॅम्युअल जॉन्सनचा १७५५ चा कोश ऑनलाइन फुकट पाहता येतो आणि या शब्दासाठी तो पाहायलाच हवा. जॉन्सननं ‘वेंड’ला प्रचारातून गेलेला ठरवून टाकलं, म्हणजे पुनर्जन्माच्या पन्नास वर्षं आधीचा मृत्यूचा दाखलाच तो. पण त्यानं दुसरा एक अर्थ नोंदवला आहे: जहाजाचं वळणं, खलाशांच्या भाषेतलं. त्यासाठी वॉल्टर रॅलेचं वाक्य दिलं आहे. लहान जहाज तोफांची बाजू दोनदा फिरवून घेतं तोवर मोठं जहाज एकदाच ‘वेंड’ करतं, असा त्याचा आशय. मूळचा ‘वळणं’ हा अर्थ पुस्तकांतून गेल्यावरही समुद्रावर टिकून होता, हे या एका वाक्यानं कळतं.

एटिमऑनलाइन हे संकेतस्थळ सर्वांत जलद. एका परिच्छेदात उगम, भाऊबंद आणि अर्थाची वाटचाल मिळते, ‘गो’, ‘वेंट’ आणि ‘वेंड’ यांची सांगडही नीट घातलेली आहे. चहा होईपर्यंत उत्तर हवं असेल तर इथे जावं. पण अवतरणं नाहीत, आणि आकड्यांची शतकं मोठ्या कोशांतूनच घेतलेली असतात. लेखात त्याचाच आधार देऊन थांबू नये. मेरियम-वेबस्टर आजच्या अर्थापुरता उत्तम, इतिहासासाठी त्रोटक.

गुगलचं एनग्रॅम व्ह्यूअर छापील पुस्तकांत एखादा शब्द कोणत्या काळी किती आला याचा आलेख काढतं, आणि चुकीचा आलेख फार आत्मविश्वासानं काढतं. ‘वेंड’ सरळ टाकलं तर त्यात वेंड लोकही शिरतात. पूर्व जर्मनीतल्या स्लाव समाजाचं ते जुनं नाव, या क्रियापदाशी त्याचा संबंध नाही. उपाय सोपा आहे. शब्दापुढे अधोरेषा देऊन ‘व्हर्ब’ ही खूण मोठ्या अक्षरांत जोडायची, कॅपिटल अक्षरांचा भेद चालू ठेवायचा, आणि शक्यतो ‘वेंडेड हिज वे’ असा पूर्ण तुकडाच शोधायचा. १८०० च्या आधीचा आलेख पाहू नये. त्या काळातली पुस्तकं इतकी कमी आहेत की एकाच कवीच्या दोन आवृत्त्यांनी डोंगर उभा राहतो.

छापील ओईडी घ्यावी का, असंही विचारलं जातं. दुसरी आवृत्ती १९८९ ची, वीस खंडांची, वजन साठ किलोंच्या वर. घरी ठेवायची तर कपाट भिंतीला ठोकलेलं हवं. तिच्या आधीची १९७१ ची संक्षिप्त आकाराची आवृत्ती दोन खंडांत येते. मजकूर पूर्ण, पण एका पानावर मूळची चार पानं बारीक करून छापलेली. सोबत भिंग असतं. जुन्या पुस्तकांच्या बाजारात ही मिळाली तर घेण्याआधी भिंग पेटीत आहे का पाहावं आणि खंडाचा कणा दोन्ही हातांनी उघडून तपासावा, कारण एवढ्या वजनाला बांधणी आधी सुटते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात ही पातळ पानं ओल धरतात. ‘वेंड’पुरतं बोलायचं तर त्या पानात आणि ऑनलाइनच्या न सुधारलेल्या मजकुरात फारसा फरक पडत नाही, त्यामुळे स्वस्तात मिळणारी जुनी प्रत हा वर्गणीला खरा पर्याय आहे. ‘एम’नंतरच्या सुधारलेल्या शब्दांसाठी मात्र नाही.

मराठी वाचकासाठी एक सावधगिरी. ‘वेंड’ पाहिलं की वळणे, वेढा, विणणे असे शब्द कानात घुमू लागतात आणि नातं जोडायचा मोह होतो. ध्वनी जुळला म्हणून नातं ठरत नाही. ‘वेढा’ हा ‘वेष्ट’कडून आलेला, त्याचा ‘वेंड’च्या मुळाशी संबंध नाही. ‘वृत्’ धातूही वेगळा. त्याचं इंग्रजीतलं नातं ‘होमवर्ड’मधल्या ‘वर्ड’शी आहे, ‘वेंड’शी नाही. अर्थाची चाल मात्र दोन्हीकडे सारखी होऊ शकते. ‘वळणं’ या अर्थावरून इंग्लंडमधल्या केंट आणि एसेक्सच्या बोलीत ‘वेंट’ म्हणजे वाट असं नाम झालं. चौरस्त्याला तिथे ‘फोर वेंट्स’ म्हणत, आणि एसेक्समधल्या ऑन्गरजवळ ‘फोर वाँट्झ’ हे नाव आजही आहे. आपली ‘वाट’ही ‘वर्त्मन्’ म्हणजे वळण्या-फिरण्याच्या ‘वृत्’मधूनच आली. मुळं दोन, चाल एक. हे तपासायचं तर टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश, मोल्सवर्थ आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश ही तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. दाते-कर्व्यांत ज्ञानेश्वरीसारख्या ग्रंथांची अवतरणं आहेत, पण ओईडीसारखी सालवार मांडणी नाही. मराठी क्रियापदांची अशी कालानुक्रमे चिकित्सा करायची तर ती वाचकालाच ओळी गोळा करून करावी लागते.

तर वर्गणी कुणी भरावी? ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसानं आधी आपल्या सार्वजनिक ग्रंथालयाचं कार्ड काढावं. तिथल्या बहुतेक ग्रंथालयांच्या कार्डक्रमांकावर घरबसल्या पूर्ण ओईडी उघडते. विद्यापीठात शिकणाऱ्यांनी भारतात असोत वा अमेरिकेत, ग्रंथपालाला विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत. हे दोन्ही मार्ग बंद असतील आणि हातात ठरावीक काम असेल, म्हणजे पंधरा-वीस शब्दांची यादी, एखादं भाषांतर, एखादा प्रबंध, तर महिन्याची वर्गणी घ्यावी. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून भरण्याच्या दिवशीच संकेतस्थळावर पाहावेत, आणि नूतनीकरण आपोआप होणार आहे का तेही तेव्हाच तपासावं.

महिना घ्यायचा तर तयारी आधी हवी. प्रत्येक शब्दासाठी फुकटच्या कोशांतून मूळ रूप, मध्ययुगीन स्पेलिंगं आणि शंकेच्या जागा एका वहीत उतरवून ठेवाव्यात. मग ओईडीत फक्त तेवढंच पाहायचं: मधली पोकळी कुठे आहे, पुढचं अवतरण कोणाचं, नोंद सुधारलेली आहे का. ‘वेंड’ला या पद्धतीनं अर्धा-पाऊण तास पुरतो. प्रत्येक नोंदीवर उद्धृत करण्याचं बटण आहे, ते दाबून मजकूर पाहिल्याच्या तारखेसह जतन करावा. ऑनलाइन नोंदी दर तिमाहीला बदलतात आणि आज दिसलेलं पहिलं अवतरण पुढच्या वेळी दुसऱ्या क्रमांकावर गेलेलं असू शकतं.